गावात चोरी झाली की संशय आधी पारधी बेड्यावरच (पारध्यांच्या वस्तीवरच) का जातो? गुन्ह्याचं समाजशास्त्र काय सांगतं?

आमच्या यवतमाळकडे विहिरीवरची मोटर गेली की लोक पुरावा शोधायच्या आधी बेड्याकडे बोट दाखवतात. लहानपणी मीही तेच खरं मानायचो, त्याची आज लाज वाटते.

हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलं की गुन्हेगारपण फक्त कृत्यात नसतं, समाज लावतो त्या शिक्क्यातही असतं. इथे तर शिक्का कायद्यानेच मारला. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण नजर तीच राहिली. शिक्का बसलेल्या पोराला कामावर कोणी ठेवत नाही. मग सरळ वाट बंद झालेला माणूस आडवाटेला लागू शकतो, हे रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९३८ मध्येच सांगितलं होतं. (गरीब म्हणजे चोर, असा याचा अर्थ मुळीच नाही. बहुतेक गरीब चोरी करत नाहीत.)

समाजशास्त्रातली चिकित्सक मांडणी, म्हणजे कायद्यालाच प्रश्न विचारणारी मांडणी, आणखी मागे जाऊन विचारते, कायदा कोणी केला? फासे लावून तितर-बटेर धरणं हा फासेपारध्यांचा पिढीजात धंदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तोच गुन्हा झाला. पाखरं वाचायलाच हवीत, पण बदल्यात त्यांच्या हाताला काम किती दिलं?