लहान कारखान्यात कचरा कमी करायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय, लहान उत्पादकाला पर्यावरणपूरक होणं परवडतं का, पहिलं पाऊल कोणतं आणि ते व्यवसायात रुजवायचं कसं. मी बरीच वर्षं पत्र्याच्या कामात उत्पादन सांभाळलं, म्हणून तिथलंच सांगतो. सोलर आणि सर्टिफिकेट नंतर. आधी भंगाराच्या ढिगाशेजारी वजनकाटा ठेवा.

भंगार विकलं की पैसे येतात, म्हणून आमच्याकडे ते जमेला लिहायचे. खरी चूक तिथे होती. चकत्या पंच केल्यावर उरलेली जाळी हातात घेऊन बघा. तो पत्रा आपण पूर्ण भावाने आणलाय, उतरवलाय, कापलाय, त्याच्यावर वीज आणि माणसाचे तास घातलेत. आम्ही भंगार खरेदीच्या भावाने मांडायला लागलो आणि मालकांनी पहिल्यांदाच तो हिशेबाचा कागद पुन्हा वाचायला मागितला. या हिशेबाची रीतसर पद्धतही आहे, आयएसओ १४०५१, २०११ सालची. पण सुरुवातीला एक वही पुरते.

गोल चकत्या सरळ ओळींत कापल्या तर जास्तीत जास्त साडेअठ्ठ्याहत्तर टक्के पत्रा कामी येतो. एकाआड एक ओळ अर्ध्या चकतीने सरकवली, तर गणिताने तोच आकडा नव्वदच्या वर जातो. मधली पट्टी आणि कडा सोडाव्या लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही, तरी फरक मोठा पडतो. नवं मशीन लागत नाही, डाय (चकती कापणारा साचा) आणि फीड (पत्रा पुढे सरकवण्याची सोय) मात्र तपासून घ्या.

सुट्टीच्या दिवशी सगळं बंद असताना फक्त मशीनना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर चालू करून शेडमध्ये फिरा. जिथे फुसफुस ऐकू येईल तिथे खडूने खूण करा. देखभाल नसलेल्या हवेच्या लाईनवर वीस-तीस टक्के हवा गळतीत जाणं अगदी नेहमीचं आहे, आणि ती हवा म्हणजे वीजच.

रिसायकलिंगला विरोध नाही. पण जो पत्रा भंगारात गेलाच नाही, तो वितळवायलाही लागत नाही. म्हणून मी रिसायकलिंगला दुसरा नंबर देतो.

आता ‘व्यवसायात रुजवणं’ म्हणताय त्याबद्दल. सुपरवायझरचा बोनस फक्त नगांवर असेल, तर भिंतीवरच्या पोस्टरचा काही उपयोग होत नाही. नग आणि भंगाराचं वजन एकाच रोजच्या तक्त्यावर, मशीननुसार लिहा. आणि वजन वाढलं म्हणून कुणावर ओरडू नका. आम्ही पहिल्या आठवड्यात ओरडलो, तर दुसऱ्या दिवसापासून तुकडे काट्यावर यायचेच बंद झाले. ओरडणं थांबवलं तेव्हा कळलं, की एका प्रेसवर डाय बदलली की सेटिंगपायी दर वेळी अख्खी नवी शीट जाते. वजन करणारा हेल्परच म्हणाला, “साहेब, सेटिंग कालच्या कतरणीवर करू की.” जाडी तीच होती. त्याच दिवसापासून त्या प्रेसशेजारी कतरणीची पेटी ठेवली.