सोसायटीतला गुलमोहर कललाय, पावसाळ्यात पडेल का?

नुसता कललाय म्हणून लगेच घाबरू नका. कल जुना की नवा, ते आधी बघा. वर्षानुवर्षं कललेल्या झाडाचा शेंडा पुन्हा वर वळलेला असतो, त्यानं तोल सावरून घेतलेला असतो. पण कलाच्या उलट बाजूला बुंध्यापाशी माती उचलली गेली असेल किंवा ताजी भेग असेल, तर मुळं सुटायला लागलीत. मग त्याच दिवशी खालच्या गाड्या हलवा आणि मुंबईत असाल तर महापालिकेला 1916 वर कळवा.

मुंबईत झाडाचा घात बहुतेकदा बुंध्याशीच होतो. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवतात, केबलचा चर खणताना जाड मुळं तोडतात, आणि वर पालवी मात्र हिरवीगार दिसते. गुलमोहराची मुळं तशीही उथळच पसरतात.

आमच्या आवारातल्या पर्जन्यवृक्षाच्या तळाशी बशीएवढी तपकिरी अळंबी आली होती. लाकडी हातोड्यानं ठोकलं, तर वर टणक आवाज आणि अळंबीपाशी ढोलासारखा घुमला. म्हणजे आत कूज. तरी पोकळ झाड पडेलच असं नाही. पोकळीभोवती उरलेल्या टणक लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण 1/3 किंवा जास्त असेल तर ते बहुधा तग धरतं. खोडाला भेग किंवा मोठी ढोली असेल तर मात्र हा हिशोब धरू नका, तज्ज्ञाला दाखवा.

आणि कृपा करून सरसकट शेंडा उडवू नका. ते घाव कुजतात आणि नवे फुटवे फांदीला घट्ट धरून राहत नाहीत. छाटणीला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अर्ज पावसाच्या बराच आधी करा.