वाचकांचे प्रश्न : आवर्त ठेव आणि सार्वकालिक जीवन

प्रश्न : मी एका खाजगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्यांचे करण्यात जाते. मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा आवर्त ठेवीत थोडी रक्कम भरते. आमच्या प्रार्थनासभेतील एक बंधू म्हणाले, "प्रभूचे येणे जवळ आले असताना ठेवी कशाला?" तेव्हापासून मन अस्वस्थ आहे. माझा सारा दिवस नाशवंत गोष्टींतच जातो का? सार्वकालिक गोष्टींसाठी वेळ कसा काढावा? — एक भगिनी, पुणे

उत्तर : ताई, त्या बंधूंची शंका थेस्सलनीका शहरातील पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळीइतकी जुनी आहे. प्रभू येशूच्या पुनरागमनाची आशा प्रेषित पौलाने त्या मंडळीला भरभरून लिहिली. पण पहिल्या पत्राच्या ज्या चौथ्या अध्यायात प्रभूच्या येण्याच्या वेळी वाजणाऱ्या देवाच्या तुतारीचे वर्णन येते, त्याच अध्यायात त्याच्या थोडे आधी, प्रत्येकाने आपापला व्यवसाय करावा आणि स्वतःच्या हातांनी काम करावे, असेही तो बजावतो. करिंथ येथील मंडळीला लिहिताना तर पुनरुत्थानावरचा पंधरावा अध्याय संपतो न संपतो तोच तो वर्गणीकडे वळतो : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते, म्हणजे कबरेवरचा विजय आणि पैशांचा हिशेब करिंथकरांनी एका दमात ऐकला.

म्हणूनच दिवसाचे 'नाशवंत' आणि 'सार्वकालिक' असे तुम्ही केलेले दोन भाग मला मान्य नाहीत. "जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा," हे कलस्सैकरांस पत्रातील वचन आपण फलकांवर लिहितो. पण ते मुळात दासांना, म्हणजे ज्यांच्या दिवसातला एक तासही स्वतःच्या मालकीचा नव्हता अशा माणसांना उद्देशून आहे. वेगळा वेळ काढा, असे पौल त्यांना सांगत नाही. आहे त्याच कामाचा धनी कोण, हे सांगतो. सासूबाईंना कुशीवर वळवणे, त्यांची चादर बदलणे, हे त्या 'जे काही'मध्ये येतेच. केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896 च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी प्रार्थनेबरोबरच शेती, विणकाम आणि छापखानाही उभा केला, आणि बायबलच्या मराठी भाषांतराचे काम या सगळ्या व्यापातच चालवले.

ठेवीबद्दल सांगायचे तर लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातील धनवान मनुष्य कोठारे बांधतो म्हणून मूर्ख ठरत नाही; त्याचे सगळे बोलणे स्वतःच्याच जिवाशी चालते आणि त्यात देवही नाही, शेजारीही नाही. तुमच्या ठेवीत निदान मुलगी आहे. मंडळीतील एखाद्या घरी चूल पेटत नसताना तुमचा हात त्या ठेवीमुळे आखडतो का, एवढे मात्र तपासून पाहा.

अनंतकाळाची दृष्टी खरोखर टोचते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि त्या बंधूंनी तिथे बोट ठेवले असते तर बरे झाले असते. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असे याकोब बायबलमधील आपल्या पत्रात लिहितो. लेखा विभागात बसणाऱ्या माणसाला हे वचन आरामात वाचता येणार नाही. सफाई कामगारांच्या ठेकेदाराचे बिल सहीवाचून पडून राहते, तेव्हा महिनाअखेरीस कोणाच्या घरचे वाणसामान अडते हे तुम्हाला ठाऊक असते. सही तुमच्या हाती नसेल. पण ती फाईल साहेबांच्या टेबलावर पुन्हा नेऊन ठेवणे तुमच्या हाती आहे, आणि न्यायाच्या दिवसाकडे नजर ठेवून जगणे कचेरीत असेच दिसते.

एकांताच्या प्रार्थनेची गरज यामुळे संपत नाही. मात्र थकलेल्या शरीराला रात्रीचा तास मागण्यापेक्षा सकाळच्या बसमध्ये बायबलमधील स्तोत्र 90 वाचावे, असे मी सुचवीन. आपल्याकडे ते बहुधा अंत्यविधीलाच ऐकू येते, त्यामुळे दिवस गणण्यास शिकवण्याची विनंती आपल्या लक्षात राहते. परंतु शेवटच्या वचनात तेच स्तोत्र आपल्या हातचे काम सिद्धीस नेण्याची विनवणी करते, आणि तीही दोनदा. ठेव चालू ठेवा. त्या बंधूंनी पुन्हा विचारलेच, तर त्यांच्यासोबत बसून थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन्ही पत्रे सलग वाचून काढा.