‘रिग्ड हिल्बर्ट स्पेस’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरयंत्राने दिलेला ‘हेराफेरी केलेला हिल्बर्ट अवकाश’ चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. (हिल्बर्ट अवकाश म्हणजे लांबी आणि कोन मोजता येतात असा, अनंत मितींचाही असू शकणारा गणिती अवकाश.) मुळीच चालणार नाही. निवडणुकीतल्या ‘रिगिंग’शी याचा संबंध नाही, हा ‘रिग’ जहाजावरचा आहे. गलबताचा सांगाडा तयार झाला की डोलकाठी उभी करायची, परबाण बांधायची, शीड आणि दोर चढवायचे, मग ते दर्यात जायला तयार. संकल्पना रशियातली, गणितज्ञ गेलफांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात मांडलेली. त्यांचे विशेषण ‘ओस्नाश्चोन्नोये’, म्हणजे साजसरंजाम चढवलेला. इंग्रजीत त्याचे ‘रिग्ड’ झाले.

म्हणून मी ‘सज्ज हिल्बर्ट अवकाश’ म्हणेन. ‘सुधारित’ किंवा ‘विस्तारित’ नको, कारण मूळ अवकाशाला इथे कोणी हात लावत नाही. ज्यांच्या मापाच्या वर्गाचे संकलन सांत आहे अशा फलनांचा अवकाश घ्या, हा एक हिल्बर्ट अवकाशच. एकाच तरंगलांबीची, दोन्ही बाजूंना न संपणारी जटिल लाट त्यात मावत नाही: तिच्या मापाचा वर्ग सगळीकडे १, मग संकलन अनंत! पुंज यांत्रिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) मात्र तिच्यावाचून चालत नाही. उपाय असा, की आत गुळगुळीत आणि दूर जाताना झपाट्याने शून्याकडे जाणाऱ्या फलनांचा लहान अवकाश ठेवायचा. अशा प्रत्येक फलनाला एक संख्या देणारे जे संतत रेषीय नियम, त्यांचा मोठा अवकाश बाहेर. ती लाट या बाहेरच्यात सुखाने बसते. डिरॅकचा डेल्टाही तिथलाच. फलनाची शून्यापाशी असलेली किंमत सांगणे एवढेच त्याचे काम. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की आतल्या फलनांवर अटी जितक्या कडक, तितका बाहेरचा अवकाश ऐसपैस.

आतला, मधला हिल्बर्ट आणि बाहेरचा, असे हे तीन अवकाश ‘नेस्टेड’ असतात. त्या शब्दासाठी ‘एकात एक’ पुरेसे आहे. घरट्याचा शब्द ओढूनताणून आणू नये. बोहारणीच्या पाटीत स्टीलचे डबे एकात एक बसवलेले असतात, ते चित्र डोळ्यांपुढे आले की झाले. फक्त डब्यांमध्ये पोकळी असते, इथे ती नाही: आतल्या फलनांनी बाहेरच्या कोणत्याही घटकाच्या हवे तितके जवळ जाता येते.

बाहेरच्या अवकाशातल्या डेल्टासारख्या नियमांना इंग्रजीत ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हणतात. त्याचे ‘वितरण’ करण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. संख्याशास्त्राने तो शब्द कधीच घेतला आहे, आणि विद्यार्थी हमखास घोटाळ्यात पडतो. फ्रेंच गणितज्ञ लोरां श्वार्त्झना १९५०चे गणितातले फील्ड्स पदक ज्या सिद्धांतासाठी मिळाले त्यात ‘डिस्ट्रिब्यूशन’ होते. रशियन परंपरेने त्याच वस्तूला ‘व्यापक केलेले फलन’ म्हटले. आपण ‘व्यापक फलन’ घ्यावे. तिन्ही अवकाशांच्या जोडणीला ‘गेलफांड त्रिक’ हे नाव आहे, ते तसेच ठेवा.