आयपीच्या निबंध स्पर्धेसाठी विषय शोधतेस? आधी एक निकालपत्र पूर्ण वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरकडच्या लॉ कॉलेजात पाच वर्षांच्या कोर्सचं तिसरं वर्ष, आयपीची, म्हणजे बौद्धिक संपदा कायद्याची, मनापासून आवड, कॉलेजात त्यासाठी वेगळं काही नाही. निबंध स्पर्धांत उतरायचंय, पण कुठली स्पर्धा धरायची, विषय कुठून आणायचा आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या मुलांपुढे आपला निभाव लागेल का, हे कळत नाही. मी बरीच वर्षं ट्रेडमार्क आणि कॉपीराइटची कामं करते, अधूनमधून कॉलेजांच्या निबंध स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

निभाव लागतो. परीक्षकाच्या हातात निबंध येतो तेव्हा त्यावर नाव नसतं, कॉलेज नसतं. दिसतं ते एवढंच, की लिहिणाऱ्याने मूळ निकाल वाचलाय की निकालाबद्दल कुणीतरी लिहिलेलं वाचलंय. हे पहिल्या दोन पानांत कळतं. इंग्रजी किती फर्डं आहे याने फारसा फरक पडत नाही.

बहुतेक निबंध विषयातच मार खातात. 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कॉपीराइट', 'पेटंट आणि सार्वजनिक आरोग्य', 'पारंपरिक ज्ञानाचं संरक्षण' ही शीर्षकं गठ्ठ्याने येतात. पहिलं पान १९९५ च्या ट्रिप्स करारापासून (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरचा करार) सुरू होतं, दुसऱ्यावर व्याख्या, आणि शेवटी 'कायद्यात सुधारणा व्हायला हवी' असा एक परिच्छेद. एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२४ मध्ये दावा दाखल केल्यापासून त्या एकाच खटल्यावरचे निबंध तर ओसंडून वाहतायत. विषय वाईट नाही. पण त्यावर नवं काही म्हणायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, म्हणजे कोणता वापर भंग ठरत नाही त्याची यादी, शब्दन् शब्द माहीत हवं, आणि तिथेच बहुतेक जण अडतात. निबंधासाठी विषय नको, प्रश्न हवा, आणि तो एका ओळीत मावला पाहिजे.

एक उदाहरण नीट उलगडून दाखवते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर दावा लावला. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून दुकान 'कोर्स पॅक' विकत होतं. १६ सप्टेंबर २०१६ ला एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ ला खंडपीठाने तत्त्व तेच ठेवलं, पण दावा पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि निबंध इथेच संपतो: शिक्षणाचा विजय झाला.

आता कलम ५२(१)(आय) उघड. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल हा कॉपीराइटचा भंग नाही, असं ते म्हणतं. या एका वाक्यात तीन प्रश्न आहेत. 'शिकवण्याच्या ओघात' म्हणजे फक्त तासाला वर्गात, की अख्ख्या सत्रात? न्यायालयाने व्यापक अर्थ घेतला. किती पानांपर्यंत? खंडपीठ म्हणालं, पानांची मोजणी हा निकष नाही, शिकवण्यासाठी तेवढं आवश्यक होतं का हे बघा. आणि ते आवश्यक होतं का, हाच मुद्दा खालच्या न्यायालयाकडे परत गेला. दावा मागे घेतल्यामुळे त्याचं उत्तर कधीच आलं नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. नक्कल 'शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने' करायची आहे. दिल्लीतलं दुकान विद्यापीठाच्या आवारात होतं, विद्यापीठाच्या परवान्यावर चालत होतं, आणि प्राध्यापकांनी ठरवलेला मजकूरच छापत होतं. तुझ्या कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याचा कॉलेजशी काही करार नाही. तो आपल्या मनाने मागच्या वर्षीच्या मुलांकडून पुस्तक घेऊन, स्पायरल बांधून काउंटरवर ठेवतो. त्याला हे कलम लागू होतं का? तो विद्यार्थ्यांचा हस्तक की स्वतंत्र व्यापारी? यावर दोन्ही बाजूंनी खरा युक्तिवाद होऊ शकतो, आणि त्यासाठी दोन्ही निकालपत्रं ओळीने वाचावी लागतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही लॉ कॉलेजबाहेर उभं राहून सुचेल असा हा प्रश्न आहे. निकाल इंडियन कानून या संकेतस्थळावर फुकट आहेत, कायदा इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर आहे. पैशाचं कारण इथे नाही.

तुझ्यासाठी तर याहून जवळचा विषय आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सगळीकडे गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. बातम्यांत आलं 'याचिका फेटाळली', आणि लोकांना वाटलं कोर्टाने प्राडाला सोडून दिलं. कारण वेगळं होतं: जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) हक्क ज्यांच्या नावावर नोंदलेला आहे त्यांनी दाद मागावी, त्रयस्थाने जनहित याचिकेतून नव्हे. कोल्हापुरीची नोंद २०१९ ची आहे आणि ती दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, आपलं संत रोहिदास महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे, आणि तिकडचे चार.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. १९९९ च्या जीआय कायद्याचं कलम २१ वाच. भंगाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाला आहे, तसाच 'अधिकृत वापरकर्त्या'लाही आहे. म्हणजे जो कारागीर कलम १७ खाली स्वतःची नोंद करून घेतो तो स्वतः दावा लावू शकतो, महामंडळाची वाट बघत बसायची गरज नाही. मग तुझ्या आसपासच्या किती कारागिरांनी ही नोंद केलीय? केली नसेल तर का? कागदपत्रं, माहिती, वेळ, की त्यातून काही मिळेल असं वाटतच नाही? चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीचे अर्ज आणि नोंदी संकेतस्थळावर बघता येतात. उरलेलं उत्तर सुभाषनगरात किंवा चप्पल लाइनीत जाऊन, चार कारागिरांशी बसून बोलल्यावर मिळेल. दिल्ली-बंगळुरूच्या विद्यार्थ्याला ते सहज मिळणार नाही. तुझी भाषा त्यांची भाषा आहे, हा स्पर्धेतला फार मोठा फायदा आहे आणि तू तो वापर. बोलण्याआधी कशासाठी विचारतेयस ते स्पष्ट सांग, आणि संमतीशिवाय निबंधात कुणाचं नाव घालू नकोस.

याच विषयाला दुसरी बाजू आहे. भारतातली जीआय नोंद मिलानमध्ये चालत नाही. ट्रिप्सच्या कलम २३ चं जास्तीचं संरक्षण फक्त वाइन आणि मद्यांना आहे. म्हणजे गोव्याची काजू फेणी, जिला २००९ मध्ये जीआय मिळाला, ती या बाबतीत चपलेपेक्षा वरच्या पायरीवर बसते. पण युरोपियन युनियनने हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंच्या जीआयसाठी २०२३ मध्ये नवा नियम केला, तो १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला आणि युरोपाबाहेरच्या उत्पादकांनाही त्याखाली अर्ज करता येतो. कोल्हापुरीने तिथे अर्ज करायचा ठरवला तर आपल्या नोंदीत काय कमी पडेल? हा एकच प्रश्न एका निबंधाला पुरून उरेल.

आता स्पर्धा कोणती. स्पायसीआयपी या ब्लॉगतर्फे २०२० पासून होणारी शमनाद बशीर निबंध स्पर्धा मी पहिली सांगेन. प्रा. बशीर यांनी २००५ मध्ये तो ब्लॉग सुरू केला. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे ते अभ्यासक म्हणून उभे राहिले होते, त्याच खटल्यात ज्याच्या एप्रिल २०१३ च्या निकालाने पेटंट कायद्याच्या कलम ३(डी)ला (गुण वाढत नसेल तर जुन्या औषधाच्या नव्या रूपाला पेटंट नाही, असं सांगणारं कलम) धार आली. २०१९ मध्ये ते गेले. या स्पर्धेत विषय आयोजक देत नाहीत, आयपीतला कुठलाही प्रश्न तू निवडायचा. म्हणूनच वर मी विषयावर इतका वेळ घालवला.

परदेशातल्या स्पर्धांबाबत सावध राहा. नाथन बर्कन स्पर्धा फार जुनी आणि मानाची आहे, १९३८ पासून कॉपीराइटवर होते, पण ती अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तुमच्यापैकी कुणी तिकडे एलएलएमला असेल तर आपल्या कॉलेजात जरूर चौकशी करा. इथून पाठवण्यात अर्थ नाही. ट्रेडमार्कवर लिहायचं असेल तर इंटा या आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क संघटनेचा लादास पुरस्कार आहे. अट्रिप या आयपीच्या प्राध्यापक-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्पर्धा तरुण संशोधकांसाठी असते, तिचा दर्जा वरचा आहे, ती पुढे कधीतरी. पात्रता, शब्दमर्यादा आणि तारखा दरवर्षी त्यांच्या मूळ पानावरून बघ. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरवर विसंबू नकोस.

प्रवेश फी घेऊन 'सर्वांना ई-प्रमाणपत्र' देणाऱ्या स्पर्धा रोज येतात. माझी कसोटी सोपी आहे: परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, आणि मागच्या वर्षीचे विजेते निबंध कुठे वाचायला मिळतात का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर त्या वाटेला जाऊ नकोस. सीव्ही बघणाऱ्या वकिलाला पाच प्रमाणपत्रांपेक्षा एक छापून आलेला लेख जास्त सांगतो, कारण तो लेख उघडून वाचता येतो.

यातलीच एक गोष्ट मला फार खटकते, आणि आयपीच्या विद्यार्थ्यांनी तरी ती खपवून घेऊ नये. नियमांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: 'आलेल्या सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.' जिंकलेल्याच नव्हे, हरलेल्याही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे निबंधाची पहिली मालक तू. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी दस्त हवा आणि त्यावर तुझी सही हवी. दस्तात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने एक वर्षात हक्क वापरलाच नाही, तर दस्तात वेगळं काही ठरलं नसल्यास हस्तांतरण गळून पडतं. मग फॉर्मवरच्या 'मला नियम मान्य आहेत' या चौकोनातली खूण म्हणजे सहीचा लेखी दस्त का? माझ्या मते हा वादाचा मुद्दा आहे, आणि हाही एक उत्तम निबंध होईल. तोवर एवढं कर, की आयोजकांना साधी ईमेल पाठवून विचार: निवड झाली नाही तर मी हा लेख दुसरीकडे देऊ शकते ना? भले आयोजक लगेच हो म्हणतात. लेखिका म्हणून तुझं नाव राहण्याचा हक्क तर कलम ५७ खाली हक्क विकल्यावरही तुझ्याकडेच राहतो.

उसन्या मजकुराबद्दल कडक बोलते. डॉ. माशेलकरांनी हळदीच्या अमेरिकन पेटंटविरुद्धचा लढा १९९७ मध्ये जिंकून दिला, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या पेटंट कायद्यावरच्या तज्ज्ञ गटाचा २००६ चा अहवाल २००७ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातला काही मजकूर एका शोधनिबंधाशी जुळत होता आणि श्रेय दिलेलं नव्हतं. तो शोधनिबंध शमनाद बशीर यांचा होता. दुरुस्त अहवाल २००९ मध्ये आला. इतक्या मोठ्या माणसांच्या गटाकडून हे होऊ शकतं, तर नोट्स काढताना अवतरणचिन्ह न टाकता मजकूर चिकटवणाऱ्या विद्यार्थ्याकडून सहज होईल. नोट्स काढतानाच पान क्रमांक लिही, नंतर शोधत बसू नकोस.

एआयकडून तळटीपा तर अजिबात घेऊ नकोस. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माता विरुद्ध एव्हियांका या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. परीक्षकही आता तळटीपा उघडून बघतात, मी तर आधी त्याच बघते.

भाषेची भीती वाटते म्हणालीस. आराखडा मराठीत कर, बिनधास्त. युक्तिवाद मराठीत चोख बसला की इंग्रजी वाक्यं छोटी ठेवून लिही. संदर्भ देण्याची पद्धत आयोजक सांगतील ती. त्यांनी सांगितली नसेल तर ऑस्कोला ही ऑक्सफर्डची संदर्भपद्धत वापर, तिची पुस्तिका फुकट मिळते. पाया कच्चा वाटत असेल तर वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा डीएल-१०१ हा प्राथमिक कोर्सही फुकट आहे, सुट्टीत करून टाक.

पाठवण्याआधी फाइलच्या प्रॉपर्टीजमधून स्वतःचं नाव काढ. वर्डमध्ये ते आपोआप बसलेलं असतं आणि नाव सापडल्यामुळे बाद झालेला चांगला निबंध बघितला की जीव हळहळतो. शब्दमर्यादेत तळटीपा धरतात का, तेही बघ.

बक्षीस मिळालं नाही तर निकालानंतर महिनाभर निबंध बाजूला ठेव, मग पुन्हा वाचून कॉलेजच्या किंवा एखाद्या विधी विद्यापीठाच्या नियतकालिकाला पाठव. तिथे काय छापतात याचा अंदाज घ्यायला जर्नल ऑफ इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी राइट्सचे जुने अंक चाळ, ते ऑनलाइन मोफत आहेत.

तुझा प्रश्न एका ओळीत लिहून इथे टाक, मी नक्की मत देईन. पूर्ण मसुदा मात्र इथे टाकू नकोस. बऱ्याच स्पर्धांत निबंध आधी कुठेही प्रसिद्ध झालेला चालत नाही, आणि परीक्षकांपैकी कुणी इथे वाचत असेल तर तुझा निबंध निनावी राहणार नाही.