जुडास प्रीस्ट हा ब्रिटिश हेवी मेटल बँड काळाप्रमाणे बदलत गेला का? त्यांचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?

'पेनकिलर' आवडला म्हणून 'टर्बो' लावला, तर तो दुसऱ्याच बँडचा वाटला, असं तुम्ही लिहिलंय. वाटणारच. गायक रॉब हॅलफर्ड, गिटारवर ग्लेन टिप्टन आणि के. के. डाउनिंग, बेसवर इयन हिल, ही मंडळी दोन्हीकडे तीच आहेत. ड्रमर मात्र वेगळा आहे. संगीतात लाटा येत गेल्या, प्रीस्ट कधी त्यांच्या पुढे होता तर कधी मागे धावला, पण त्यातलं काय जमेल हे बरंचसं ठेका धरणाऱ्यावर ठरलं. म्हणून मी ड्रमरनुसार ऐकायला सांगेन.

सुरुवात 'सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी' (१९७६) पासून करा. आधीचा 'रॉका रोला' (१९७४) अजून ब्लूज-रॉकमध्ये चाचपडतोय, तो सवडीने ऐका. 'सॅड विंग्ज'मधलं 'व्हिक्टिम ऑफ चेंजेस' पावणेआठ मिनिटांचं आहे, चाल वळणं घेत जाते. पुढच्या 'सिन आफ्टर सिन'वर (१९७७) तेवढ्यापुरता बोलावलेला सायमन फिलिप्स ड्रम वाजवतो. त्यातलं 'डिसिडंट अग्रेसर' अकरा वर्षांनी स्लेअर या थ्रॅश, म्हणजे अतिवेगवान मेटल वाजवणाऱ्या बँडने वाजवलं, यावरून प्रीस्ट किती पुढे होता ते कळतं.

मग ड्रमर लेस बिंक्स. 'स्टेन्ड क्लास' (१९७८) मधलं पहिलंच गाणं 'एक्सायटर' हेडफोन लावून ऐका. दोन्ही पायांनी धावणारा बेस ड्रम हा पुढे थ्रॅशचा पाया झाला, तो इथे आधीच ऐकू येतो. याच अल्बमवर रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहाने, बाजारात चालेल असं म्हणून, 'बेटर बाय यू, बेटर दॅन मी' हे स्पूकी टूथ या बँडचं गाणं घेतलं. गंमत बघा, १९९० साली अमेरिकेत रीनोच्या कोर्टात गाण्यात छुपे संदेश दडवल्याच्या आरोपाचा जो खटला चालला, तो याच गाण्यावरून. खटला फेटाळला गेला.

१९७९ मध्ये डेव्ह हॉलंड आला आणि ठेका सरळ, मोकळा झाला. 'ब्रिटिश स्टील' (१९८०) मधलं 'ब्रेकिंग द लॉ' अडीच मिनिटांत संपतं, नेहमीसारखा गिटार सोलोही नाही. ध्वनिमुद्रण रिंगो स्टारच्या घरातल्या स्टुडिओत झालं. सॅम्पलर (आवाज साठवून वाजवणारं यंत्र) हाताशी नव्हता, म्हणून काच फुटल्याचा आवाज दुधाच्या बाटल्या फोडून काढला, आणि 'मेटल गॉड्स'मध्ये यंत्रमानवांची पावलं म्हणून जे खणखणतं, ते काटे-चमच्यांचा ट्रे हलवून. हॉलंड कमी वाजवतो म्हणून त्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्या जागा सोडण्यामुळेच रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) उठून दिसतात. 'स्क्रीमिंग फॉर व्हेंजन्स' (१९८२) ने अमेरिकेत जम बसवला.

आता 'टर्बो' (१९८६). रेडिओवर केस फुगवलेल्या बँडांचा जमाना होता आणि प्रीस्टने गिटार सिंथेसायझर घेतले. यात तारेचं कंपन ओळखून सिंथेसायझरला सूर कळवला जातो. अडचण अशी की सूर ओळखायला निदान एकदोन आवर्तनं पूर्ण व्हावी लागतात. जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंपते, म्हणजे दोन आवर्तनांतच २४ मिलिसेकंद जातात. मंद्रातला जलद रिफ वाजवला की आवाज मागे रेंगाळतो, सूरही चुकीचा पकडला जातो. म्हणून लांबवलेले सूर आणि मध्य लय हीच या यंत्राची सोयीची जागा. 'टर्बो लव्हर'मध्ये ते शोभतं, बाकी अल्बम मला पोकळ वाटतो. 'रॅम इट डाउन' (१९८८) मध्ये ड्रम मशीन वापरलं, आणि ते कळतं.

रेसर एक्स या बँडमधून ड्रमर स्कॉट ट्रॅव्हिस आला आणि 'पेनकिलर' (१९९०) नुसत्या ड्रमने सुरू झाला. थ्रॅशवाल्यांनी प्रीस्टकडूनच उचललेला वेग त्यांच्याकडून व्याजासकट वसूल केला, असं मी म्हणेन.

नव्वदच्या दशकात माझा नियम मोडतो. ट्रॅव्हिस होताच, पण हॅलफर्ड गेला होता. नवा गायक 'रिपर' ओवेन्सला घेऊन 'जग्युलेटर' (१९९७) आणि 'डिमॉलिशन' (२००१) काढले. गिटारींचे सूर खाली उतरवले, चाल जड केली, कारण तेव्हा पँटेरा या जड आवाजाच्या मेटल बँडचा बोलबाला होता. ओवेन्सचा गळा दमदार आहे, पण लक्षात राहणारे रिफ कमी. हे दोन शेवटी ऐका.

हॅलफर्ड २००३ मध्ये परतला. 'नॉस्ट्राडेमस' (२००८) दोन डिस्कचा, वाद्यवृंदाने लादलेला. घाई असेल तर वगळा. डाउनिंगच्या जागी रिची फॉकनर आला, पण 'रिडीमर ऑफ सोल्स' (२०१४) मध्ये आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबलेला आहे. त्यानंतर लगेच 'फायरपॉवर' (२०१८) लावा. 'ब्रिटिश स्टील'चा निर्माता टॉम अ‍ॅलम आणि नव्या पिढीचा अँडी स्नीप यांनी तो मिळून केला. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे तो पाचव्या क्रमांकावर गेला. ड्रमकडे लक्ष ठेवून दोन्ही ऐका. वाजवणारा तोच ट्रॅव्हिस आहे, पण दुसऱ्यात त्याचा प्रत्येक पाय वेगळा ऐकू येतो.