नात्यात नसलेल्या माणसाचे दुःख

'मॅडम, रक्ताचे नाते काही नव्हते, शेजारचेच होते. तरी मला सावरता येत नाही. हे जास्तच होतेय का?' जळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की, त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. त्यातील एक अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते.

आलेल्या बाई अमळनेर तालुक्यातील एका गावात वाढलेल्या, आता शहरात शिक्षिका. त्यांचे शेजारी, सारा गाव ज्यांना 'फौजी आबा' म्हणत असे, ते काही महिन्यांपूर्वी गेले होते. पहिल्या भेटीत बाई बोलल्या त्या जवळजवळ केवळ युद्धाविषयी. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्धाला तोंड फुटले, त्यांच्या पलटणीने ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील जमालपूरला वेढा घातला, ११ डिसेंबरला ते ठाणे पडले आणि १६ तारखेला ढाक्यात शरणागती होऊन सुमारे ९३ हजार लोक युद्धकैदी झाले, हे सर्व त्यांनी न अडखळता सांगितले.

'हे आबांनी सांगितलं होतं?' मी विचारले.

'नाही. ते गेल्यावर मी वाचून काढलं.' मग थोड्या वेळाने म्हणाल्या, 'सासूबाई म्हणतात, स्वतःच्या बापासाठी एवढी रडली नव्हतीस.'

बाई माझ्यासमोर शोक करत नव्हत्या, शोकाचे समर्थन करत होत्या, हे माझ्या लक्षात आले ते येथे. मृत्यूनंतरच्या गंधमुक्तीच्या कार्यक्रमात त्या पाहुण्यांच्या रांगेत बसल्या होत्या. सुतक नाही, रजा नाही, कोणी भेटायला येणे नाही. मग देशासाठी लढलेल्या माणसाकरिता कोणीही रडू शकते, या आधाराने त्यांनी आपल्या अश्रूंना परवानगी मिळवली होती. मात्र ज्याच्यासाठी जीव तुटत होता तो माणूस त्या तारखांमध्ये कोठेच नव्हता. माझ्या कामाची एक जुनी सवय अशा वेळी उपयोगी पडते: 'ते तुमचे कोण?' असे मी विचारत नाही.

'युद्ध थोडा वेळ बाजूला ठेवू,' मी म्हटले. 'एखाद्या साध्या दिवशी, शाळा सुटल्यावर, आबा काय करत असायचे?'

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. 'माझे बूट वाळवायचे,' त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा रडल्या. वडील मालमोटारीवर चालक, आठवडे-आठवडे बाहेर, आई मजुरीला. पावसात भिजून आलेल्या मुलीचे बूट आबा वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीजवळ ठेवत आणि पाय पुसायला लावत. 'पाय भिजेल रायनात ते माणूस लवकर थकस,' असे म्हणत. रात्री नदी ओलांडल्यावर ओल्या बुटांनी किती चालावे लागले, एवढेच युद्धातले त्यांनी कधीतरी सांगितले होते.

त्या तासाभरात मी फारसे काही बोलले नाही, आणि अशा वेळी गप्प राहता येणे ही मला या व्यवसायातील मिळकत वाटते. वडिलांशी होणारी तुलनाही तेथेच सैल झाली. जे वडील क्वचितच घरी असत त्यांच्या जाण्याचे दुःख वेगळे होते, त्याचा आवाज कमी होता. म्हणून ते खोटे ठरत नाही.

समाजाची मान्यता नसलेल्या अशा शोकाकडे शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये इतर अभ्यासकांचे लक्ष वेधले. माझा कल मात्र १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी पुढे आणलेल्या विचाराकडे अधिक आहे. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या १९१७ च्या मांडणीपासून मृत व्यक्तीतून मन काढून घेणे म्हणजे सावरणे, असे दीर्घकाळ मानले गेले. या तिघांनी दाखवले की, गेलेल्या माणसाशी असलेले नाते रूप बदलून चालू राहू शकते. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरणाऱ्यांना हे नव्याने शिकवावे लागू नये, असे मला नेहमी वाटते.

घागरीचा प्रश्न बाईंनीच काढला. 'आबा आमच्या पितरांत कसे बसतील?' हा निवाडा करणे माझे काम नव्हते. आबांच्या मुलाशी बोलावे आणि बुटांची आठवण त्याला सांगावी, एवढे मी सुचवले. नदीची गोष्ट मुलालाही ठाऊक नव्हती. त्याने ती दोनदा सांगायला लावली आणि आखाजीला गावी बोलावले.

म्हणून अशा स्थितीत असलेल्यांना मी प्रथम हेच सांगते की, सांत्वनाला जाताना आपल्याजवळची एखादी आठवण त्या घरी घेऊन जा. घरच्यांना माहीत नसलेला त्यांचा माणूस तुमच्याकडे असतो. मोठेपणाचे दाखले गोळा करण्याआधी त्यांच्यासोबतचा एक साधा दिवस लिहून काढा. घरातील इतरांनी 'एवढे काय त्यात?' म्हणण्याऐवजी 'ते कसे होते?' असे विचारावे आणि उत्तर पुरे होईपर्यंत आपल्या घरातील मृत्यू मध्ये आणू नयेत. सहा महिने उलटूनही तीव्र ओढ तशीच राहिली, रोजची कामे होईनात, किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर मात्र तज्ज्ञांकडे जावे. जीव देण्याचा विचार मनात येत असेल तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते, आणि तेथेही गेलेला माणूस नात्यातला होता की नव्हता, हे सिद्ध करावे लागत नाही.